नुसतं वाय

वुनिकुरा, कांदावू बेट
४ फेब्रुवारी २००७

ती. केलेरावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि बिस्किटांचा डबा शनिवारच्या बोटीने पोचला. डब्याचं झाकण सैल होतं आणि वरचा थर गायब होता. बोटीवरच्या लोकांनी खाल्ला असेल, असं आपिसाईंचं, म्हणजे तुमच्या भावाचं, म्हणणं. त्यांच्या मिशीत चुरा होता, तोही बहुधा बोटीवरच्यांनीच चिकटवला असेल. तुमच्याच घरचं माणूस आहे, मी परकी पोर काय बोलणार.

माझी तब्येत बरी आहे. छातीतली धातूची झडप टिकटिकते आहे. देवळात प्रार्थनेच्या वेळी सगळे गप्प झाले की मागच्या बाकापर्यंत ऐकू जाते, आणि पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की पोरं माझ्याकडे बघून हसतात. आपिसाई म्हणतात की घरात घड्याळ घ्यायची गरज राहिली नाही. हसू दे. मागच्या वर्षी याच दिवसांत मला चार पावलं चालवत नव्हती आणि आज मी नदीवरून कपडे धुऊन आणते. झडप बसवायला समुद्रापलीकडून आलेल्या त्या डॉक्टरांची नावंसुद्धा मला धड घेता येत नाहीत, पण रोज झोपताना त्यांच्यासाठी दोन शब्द बोलल्याशिवाय डोळा लागत नाही.

परवा होडीने इस्पितळात जाऊन रक्त तपासून आले. नवीन डॉक्टर आलेत, डॉक्टर मिंट म्हणून, बर्मा देशाचे. माणूस फार गोड. आपली भाषा शिकायची त्यांनी जिद्दच धरली आहे. माझा रक्ताचा आकडा पुन्हा कमी आला. रक्त पातळ ठेवायची गोळी वाढवली तरी ते घट्टच राहतं म्हणे. गोळ्या वेळेवर घेता ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एक चुकवली नाही. मग आपल्या भाषेत विचारलं की गोळ्यांखेरीज आणखी काय पिता. मी म्हटलं, नुसतं वाय. त्यांना तो शब्द येत होता. एवढे खूश झाले की काय सांगू. भरपूर प्या, भरपूर प्या, म्हणून पाठीवर थोपटलं. मग डोकं खाजवलं आणि गोळी आणखी थोडी वाढवली.

गुडघ्यांचं म्हणाल तर आता कुरकुर नाही. नाताळच्या आधी मला देवळात गुडघे टेकवेनात, तेव्हा गावाला झाडपाला देणाऱ्या उनायसी आत्यांनी कुऱ्याचं वाय दिलं. त्या फळाला किती घाणेरडा वास येतो ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही लहानपणी त्याला सडका उंदीर म्हणायचात. पण गुण आला. चार दिवसांचंच द्यायचं होतं, पण अजून मी आत्यांकडून मोकळीक घेतलेली नाही. आभाराची भेट दिल्याशिवाय वाय सोडायचं नसतं, आणि भेट म्हणजे हातात काहीतरी शोभेसं हवं. मी त्यांच्यासाठी चटई विणायला घेतली आहे, मोठी, दोन माणसं ऐसपैस निजतील अशी. पाती चिरून वाळवून तयार आहेत. ती होईपर्यंत आत्या रोज सकाळी बाटली पाठवतात आणि मी नाक दाबून पिते. काठाला लावायला रंगीत लोकर मिळाली तर पाठवा. लाल जास्त पाठवा.

तुमच्या गुडघ्यांनाही कुरा पाठवू का ते कळवा, पण नंतर शिव्या घालू नका. माया पातळ होऊ देऊ नका, रक्त तेवढं पातळ होऊ दे.

तुमची भावजय,
विनी


सुवा
१६ फेब्रुवारी २००७

सौ. विनीस,
अ. उ. आ.

लोकर पाठवते आहे. लाल जास्त, निळी थोडी, पिवळी माझ्या मनाने. चटईचा फोटो वगैरे काढून ठेव, कारण तू विणलेली चटई कुठल्या बाजूने तिरकी जाते हे मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे. उनायसी आत्यांना आता डोळ्यांनी कमी दिसतं, ते तुझ्या पथ्यावर पडेल.

माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीस, आभार. ते साठीचे आहेत आणि साठीसारखे वागतात. तो सडका उंदीर मला पाठवू नकोस. बाजारात जाते, भाजी आणते, पायऱ्यांवर बसून दम खाते, आणि शेजारची लुसियाना तिच्या सुनेच्या तक्रारी सांगते त्या ऐकते. मला सुनेऐवजी भावजय मिळाली याचं तेव्हा मला बरं वाटतं, पण हे तिला सांगत नाही आणि तुलाही सांगितलं नाही असं समज.

रक्ताचा आकडा कमी येतो हे मात्र मला आवडलं नाही. खरं सांग, गोळी चुकवतेस का? आपिसाईला म्हणावं, रात्री यांगोना प्यायला बसतोस तेव्हा आधी बायकोच्या हातावर गोळी ठेव, मग वाटी उचल. तू ऑपरेशनला आत गेलीस तो दिवस आठवतो. मी आणि तो बाहेर एकाच बाकावर, दोन टोकांना. आपल्यात बहीण-भावाने समोरासमोर बोलायचं नसतं, त्यामुळे दिवसभर दोघेही भिंतीकडे बघत बसलो. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले, सगळं नीट झालं म्हणाले, आणि तुझ्या नवऱ्याने नर्सच्या हाती माझ्याकडे त्याचा रुमाल पाठवला. मी रडते आहे हे त्याने न बघता ओळखलं होतं. रुमाल मळका होता, ते जाऊ दे. एवढ्या कष्टाने तुला परत आणलंय, तेव्हा त्या गोळीशी खेळ करू नकोस.

डॉक्टरांना आपली भाषा येते हे वाचून बरं वाटलं. आत्यांना माझा नमस्कार सांग. तुझी टिकटिक चालू राहो, आणि तिच्याबरोबर तोंडही चालू राहो, ते बंद पडलं तर मला करमायचं नाही.

तुझी वन्सं,
केलेरा


वुनिकुरा
२६ फेब्रुवारी

ती. केलेराताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी तुला थेट लिहिणं बरोबर नाही, हे मला कळतं. आईने पाहिलं असतं तर कान धरला असता. पण दुसरं कोणी लिहायला नाही आणि विनीला सध्या लिहिता येत नाही म्हणून लिहितो. रागावू नकोस.

काल रविवारी देवळात गाणं चालू असताना विनीचा सूर मधेच तुटला. मला वाटलं शब्द विसरली. मग तिच्या हातातलं पुस्तक पडलं. उचलायला वाकली तर उजवा हात उचलेना. काय झालं विचारलं तर बोलणं जडजड आलं, तोंडात दालोच्या कंदाचा गरम तुकडा असावा तसं. आम्ही तिला घरी आणून निजवलं. दुपारपर्यंत बोलणं सुटलं, पाय ठीक आहे. हातात मात्र अजून जोर नाही, वाटी धरली की सांडते.

मग होडीने इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले की झडपेवर रक्ताची बारीक गुठळी धरली असेल आणि तिचा कण डोक्यात गेला असेल. यावेळी थोडक्यात निभावलं, पुढच्या वेळचं सांगता येत नाही. तिला तिथेच ठेवून घेतलं आहे. सुई चालू केली. गोळी पुन्हा वाढवणार आहेत. एवढी गोळी घेऊन आकडा का चढत नाही ते त्यांना समजत नाही. त्यांचा चेहरा बघून मला भीती वाटली. आत्यांची बाटली मी आज होडीने तिच्याकडे पोचवली आणि रोज पोचवीन, ती म्हणते त्यात खंड पडायला नको. सारखी चटईचं बोलते. हात असा झाला तर चटई पुरी कशी होणार, आणि चटई नाही तर आत्यांची मोकळीक कशी घेणार, म्हणून रडते.

ताई, तू शहरात आहेस, शिकलेल्या लोकांत उठतेस बसतेस. कुणाला विचार. ती गेली तर मला घरात टिकटिक ऐकू येणार नाही. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

तुझा,
आपिसाई


सुवा
१ मार्च २००७

चि. आपिसाई आणि सौ. विनीस,
अ. उ. आ.

काल तुमच्या गावच्या परिचारिकेच्या रेडिओवरून बोलले, त्यातलं अर्धं खरखरीत गेलं. म्हणून सगळं नीट लिहून बोटीच्या कप्तानाच्या हातात देते आहे. आपिसाई, तू थेट लिहिलंस ते शंभर वेळा बरोबर केलंस. आईचं मी बघून घेईन.

तुझं पत्र वाचलं आणि चप्पल कुठल्या पायात कुठली घातली ते न बघता शकुंतलाच्या औषधांच्या दुकानात गेले. शाळेत असताना आम्ही एका बाकावर बसायचो ती शकुंतला. दुकानात गर्दी होती. ती मोकळी होईपर्यंत मी उभी राहिले, आणि रडू येऊ नये म्हणून बडबडत राहिले. माझी सवय तुम्हाला माहीत आहे. मी तिथल्या बायकांना विनीच्या त्या बर्मी डॉक्टरांचा किस्सा सांगितला. काय पिता विचारलं, हिने सांगितलं नुसतं वाय, आणि ते बिचारे भरपूर प्या, भरपूर प्या म्हणून पाठ थोपटतात. आपल्या बायकांच्या एका क्षणात लक्षात आलं आणि सगळ्या खो-खो हसल्या. त्या हसल्या तेव्हा मलाही पहिल्यांदा कळलं की मी काय बोलून गेले. वाय म्हणजे पाणी, आणि वाय म्हणजे औषधसुद्धा. विनीने सांगितलं औषध, त्यांनी ऐकलं पाणी.

शकुंतला हसली नाही. हातातलं काम टाकून बाहेर आली आणि कसलं वाय, असं विचारलं. मी म्हटलं कुऱ्याचं. किती दिवस? मी म्हटलं, नाताळच्या आधीपासून. मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. ही गोळी फार नाजूक मिजाशीची आहे. झाडपाल्यातल्या बऱ्याच गोष्टी तिच्याशी भांडतात. काही तिचा जोर वाढवतात, काही उतरवतात. कुऱ्याने एखाद्या माणसात या गोळीचा जोर उतरल्याचं तिने वाचलं आहे. प्रत्येकात होतं असं नाही, आणि विनीच्या बाबतीत तेच झालं की आणखी काही, हे डॉक्टरच तपासून सांगतील. पण त्यांना कळल्याशिवाय ते तपासणार तरी काय.

आता मुख्य गोष्ट, आणि ही दोनदा वाचा. घाबरून कुरा एकदम ओतून देऊ नका. डॉक्टरांनी गोळी वाढवत नेली आहे. समोरून अडवणारा अचानक बाजूला झाला तर तीच गोळी जास्त पडेल आणि मग रक्त थांबायचं नाही. दोन्हीकडून धोका आहे. आत्यांची बाटली उचला, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, बूच काढून त्यांना वास घेऊ द्या, किती आणि कधी प्यायली ते सांगा. पुढचं त्यांच्यावर सोडा. विनी जेवणात बेलेचा पाला खाते तोही सांगा. तो बंद करायचा नसतो, रोज साधारण सारखा खायचा असतो, असं शकुंतला म्हणाली.

विनी, तुझं काय चाललं असेल ते मला इथे बसून दिसतंय. आत्यांना वाईट वाटेल, त्यांचं वाय मधेच टाकलं तर उपकार विसरल्यासारखं होईल. अगं, आत्यांनी तुला चालतं व्हावं म्हणून दिलं, झोपवायला नाही. माझी शपथ आहे. दोघांच्या पाठीशी मी आहे हे विसरू नका, आणि पुढच्या बोटीने खुशाली आली नाही तर मी स्वतः येईन, मग पाहुणचार महागात पडेल.

तुमची,
केलेरा


बेटावरचं इस्पितळ
११ मार्च २००७

ती. केलेरावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

मी सांगते आहे आणि तुमचे बंधू लिहितात. त्यामुळे माझे निम्मे टोमणे ते गाळतात, हे ध्यानात ठेवून वाचावं. (हे वाक्य त्यांनी लिहिलं, याचं मला आश्चर्य वाटतं.)

बाटली डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी बूच काढलं, वास घेतला आणि खुर्ची मागे सरकवली. मी म्हटलं, हे माझं वाय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि त्यांचे कान लाल झाले. कुणावर ओरडले नाहीत. नर्सला बोलावून आमच्या भाषेत औषधाला काय म्हणतात ते विचारलं, आणि ती म्हणाली वाय. पाण्याला काय म्हणतात? वाय. मग खूप वेळ स्वतःशीच हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते. त्यांच्या आजीच्या घरीही अशीच एक वासाची बाटली असायची, असं सांगितलं. आता मला इथेच ठेवलं आहे. रोज रक्त काढतात. कुरा बंद केला आहे आणि गोळी हळूहळू खाली आणताहेत. आकडा आता जागेवर येतो आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. आत्यांना सांगायचं कसं, हे मला कळेना. आपिसाईंनी सांगायचं टाळलं. (मी टाळलं नाही. मला शब्द सुचले नाहीत. आपिसाई) आणि एक दिवस आत्या स्वतःच होडीत बसून आल्या, डोक्यावर छत्री, हातात काठी. कोणी त्यांना बातमी दिली कोण जाणे. माझ्या खाटेशी बसल्या. मी रडत सगळं सांगितलं. मला वाटलं उठून जातील. त्यांनी काठी खाटेला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या की पहिल्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं, दुसरं कुणाचं औषध चालू आहे का, कारण दोन वाय एका पोटात घालायची नसतात. मी काय उत्तर दिलं होतं ते आठवतं का, असं विचारलं.

मला आठवलं. मी म्हटलं होतं, औषध नाही, नुसती फळं खाते. गोळीला आपण फळच म्हणतो ना, वन्सं. इस्पितळातल्या गोळ्या, झाडाचं फळ, एकच शब्द. आत्या कधी इस्पितळात गेलेल्या नाहीत. त्यांनी ऐकली पपई आणि केळी, आणि मनात म्हणाल्या पोरगी शहाणी आहे. मी दर महिन्याला होडीने जाते ती छातीतल्या घड्याळाला किल्ली द्यायला, असं त्यांना वाटत होतं. ऑपरेशन झालं म्हणजे तिकडचं औषध संपलं, ही त्यांची समजूत. म्हणजे मी दोघांनाही खरंच सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं नुसतं वाय, आत्यांना सांगितलं नुसती फळं. आणि दोघांनीही मला शाबासकी दिली.

मोकळिकीचं विचारलं तर आत्या चिडल्या, पहिल्यांदाच. चार दिवसांच्या वायला एवढे महिने कशाला लावलेस, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला शोभेल अशी चटई द्यायची होती. आत्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, साबणाची वडी आणली असतीस तरी चाललं असतं गं. देणारीला कळतं की घेणारीने आभार मानले, तेवढंच पुरतं. मला वाटायचं, तुझे गुडघे अजून दुखतात म्हणून तू सोडत नाहीस, म्हणून मी रोज ढेंगा टाकत झाडापर्यंत जात होते. आमच्या दोघींचंही प्रेम अंगाशी आलं, बघा.

मग इस्पितळातल्या बेसिनवरची साबणाची वडी होती, अर्धी झिजलेली, ती मी डाव्या हाताने उचलून दोन्ही हातांत धरून आत्यांसमोर ठेवली. माझ्या लुळ्या उजव्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. तोंडातल्या तोंडात कुऱ्याच्या झाडाचे आभार मानले, मला त्याच्याकडून सोडवलं, आणि तीनदा टाळी वाजवली. नर्स आणि डॉक्टर दारात उभे होते. नर्सनेही टाळी वाजवली, मग डॉक्टरांनी. साबण इस्पितळाचा होता हे कोणी बोललं नाही.

हाताला अजून जोर यायचा आहे. डॉक्टर रोज चेंडू दाबायला लावतात. शकुंतलाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या हसल्या नाहीत, म्हणून मी आहे. आणि तुमची बडबड, जिला मी आजवर नावं ठेवत आले, तिने माझा जीव वाचवला, हे लिहून घ्यायला मी यांना दोनदा सांगितलं. यापुढे हवं तेवढं बोला, मी ऐकेन. निदान ईस्टरच्या सणापर्यंत.

आपली,
विनी
(आणि लेखक आपिसाई)


सुवा
२२ मार्च २००७

सौ. विनीस,
अ. उ. आ.

साबणाच्या वडीशी पोचले आणि मला पुढे वाचवेना. लुसियाना आत आली, तिला वाटलं कोणी गेलं. मी म्हटलं, नाही, कोणी राहिलं.

पत्र शकुंतलाला वाचून दाखवलं. फळांचं ऐकून ती कपाळावर हात मारून हसली. यावेळी हसली. तिच्या आईलाही हळदीचं दूध आणि मेथीचा काढा औषध वाटत नाही, स्वयंपाक वाटतो, असं म्हणाली. तिने दुकानात पाटी लावली आहे, आपल्या भाषेत आणि हिंदीत. औषध घेताना घरचा काढा, पाला, तेल, फळ, काय घेता ते सांगा. त्याखाली मी तिला एक ओळ घालायला लावली की वाय म्हणजे कुठलं ते सांगा.

आत्यांसाठी फुलाफुलांचं कापड आणि साबणाची अख्खी पेटी पाठवते आहे. अर्ध्या वडीवर त्यांना वाटेला लावलंत, मला लाज वाटली. उरलेल्या वड्यांपैकी एक इस्पितळात नेऊन ठेव. आणि आत्यांना माझ्याकडून सांग, त्या होडीत बसून आल्या, रागावल्या नाहीत, तुझ्या हातावर हात ठेवला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. हे तू सांग, मला समोर बोलता येणार नाही.

आपिसाईला म्हणावं, पत्र चांगलं लिहितोस, कंसातलं विशेष. हात बरा होईपर्यंत चेंडू दाब, माझा राग आला तर जास्त दाब. आणि काही लागलं तर मला कळवायला लाजू नकोस, मी तुझीच आहे.

केलेरा


वुनिकुरा
२० मे २००७

ती. केलेरावन्सं यांस,
सा. न. वि. वि.

अक्षर बघा. वाकडं आहे, ओळ खाली उतरते, पण माझं आहे. पाकिटावरचा पत्ता मात्र आपिसाईंनी लिहिला, पोस्टाने गोंधळ करू नये म्हणून.

इस्पितळातून सुटल्यापासून आकडा सलग दोन्ही वेळा बरोबर आला. रविवारी पुन्हा गाण्यात उभी राहते. गुडघे थोडे कुरकुरतात, तर आत्यांनी आता वाय दिलं नाही, नुसतं खोबरेल चोळून दिलं. तेही चोळण्याआधी त्यांनी मला डॉक्टरांना विचारून यायला लावलं. मी विचारलं, डॉक्टर म्हणाले चोळा. आत्यांना फार समाधान वाटलं. त्या आता येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारतात, कुठली फळं खातोस, झाडाची की इस्पितळाची. डॉक्टर मिंट विचारतात, कुठलं वाय, नदीचं की आत्यांचं. गावातल्या लोकांची करमणूक होते, आणि आपिसाईंच्या थोरल्या चुलतभावाच्या साखरेच्या आजाराच्या गोळीबरोबर चाललेला कडू काढा त्यातून बाहेर आला. त्यांना म्हणे रोज दुपारी घाम सुटून गरगरायचं. आता त्यांची गोळी आणि काढा दोन्ही डॉक्टर बघताहेत.

चटई झाली. तीन महिने लागले, उजव्या बाजूला तिरकी आहे, आत्यांच्या डोळ्यांना खरंच दिसली नाही. त्यांनी हात फिरवला आणि तिरकी जागा बोटाने बरोबर शोधली. तुमची सगळी लाल लोकर तिच्या काठाला गेली. त्यावर झोपत नाहीत, गुंडाळून खाटेखाली ठेवली आहे.

मग आत्या म्हणाल्या, आमची मोकळीक झाली, पण डॉक्टरांच्या त्या फळांची कधी करणार? त्या स्वतः माझ्याबरोबर इस्पितळात आल्या आणि त्यांनाच विचारलं. नर्सने सांगितलं ते ऐकून डॉक्टर म्हणाले, ही गोळी कधी सोडायची नसते, जन्मभर घ्यायची असते. आत्या बघतच राहिल्या. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांनी असं वाय पाहिलं नव्हतं, ज्याचे आभार मानून मोकळं होता येत नाही.  परतताना होडीत म्हणाल्या, बरंच आहे, तुला आभार विसरता यायचे नाहीत.

म्हणून मी डॉक्टरांसाठी दुसरी चटई विणली, लहान, त्यांच्या खोलीतल्या तपासायच्या खाटेपुरती. काल नेऊन दिली. त्यांनी पालथी करून बघितली, काठ राहिला आहे असं सांगितलं. मी म्हटलं, माहीत आहे. दर महिन्याला रक्त द्यायला येईन तेव्हा लोकरीचा एक गोंडा बांधून जाईन. पहिला बांधला, पिवळा, तुमच्या मनाचा. त्यांनी विचारलं, काठ पुरा केव्हा होईल. मी चारी बाजू डोळ्यांनी मोजल्या आणि म्हटलं, मी म्हातारी होऊन मरेन तेव्हा.

तेव्हा वन्सं, लोकर पाठवत राहा. थोडी थोडी पाठवा, पण पाठवणं थांबवू नका. माझ्यावरचा जीव असाच असू द्या, मीही माझा इकडे टिकटिकत ठेवते.

तुमची,
विनी